भाड्याच्या घरातील दिवे

गोंदियाहून उत्तरेस निघालेली आगगाडी धानाच्या बांध्यांतून धावत साधारण चाळीस किलोमीटर अंतर कापते, तेव्हा आमचे बालाघाट येते. आता हा लोहमार्ग रुंद झाला असून गाड्या थेट जबलपुरास जातात. माझ्या लहानपणी येथे नॅरो गेजची छोटी गाडी चालत असे. तिच्या डब्यातील दिवा इतका मंद असे, की समोरच्या बाकावरील गृहस्थ परिचयाचे आहेत किंवा कसे, हे ते खोकल्याशिवाय कळत नसे. दिव्यांविषयी लिहावे म्हणून बसलो आणि पहिली आठवण झाली ती त्या दिव्याची.

बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. प्रत्यक्षात गाव आहे घाटाच्या पायथ्याशी, वैनगंगेच्या काठाजवळ. १८६७ च्या सुमारास जिल्हा निर्माण झाला, तेव्हा मुख्य ठिकाणाचे नाव बुढा असे होते. वरच्या मुलखाचे नाव पुढे खालच्या गावास मिळाले. बैहरच्या रस्त्याने निघाले, की प्रथम भरवेलीची मँगनीजची भूमिगत खाण लागते, मग उकवा, मग सालवृक्षांचे अरण्य आणि त्याही पलीकडे कान्हा. उलट दिशेने वैनगंगा ओलांडली, की वारासिवनी-कटंगीकडील धानाचा प्रदेश. येथील सुगंधी चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटण्याऐवजी भात शिजवून वाढला होता.

या गावात आमच्यासारखी मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिले. माझे वडील त्याविषयी विनोदाने म्हणत, "आपण जागचे हललो नाही, सामानही बांधले नाही, फक्त घरमालक बदलला." त्यांच्या या वाक्यातील मर्म मला पुढे स्वतः भाडेकरू झाल्यावर अधिक जाणवले.

माझी नोकरी शासकीय शाळेतील. लांजी, कटंगी, बैहर आणि बालाघाट अशा फेऱ्यांमध्ये मी आजवर सात घरे भाड्याने घेतली. घर पाहावयास जाणारा मनुष्य पाणी विचारतो, भाडे विचारतो, शेजार विचारतो. छताकडे पाहून "येथे दिवे आहेत काय?" असे विचारणारा अद्याप मला भेटलेला नाही. मीही तो प्रश्न कधी विचारला नव्हता. तो विचारावयास मला एका संध्याकाळने शिकविले.

ती जून २००१ मधील गोष्ट. बैहरहून माझी बदली बालाघाटास झाली. ट्रकमध्ये सामान, पुढे चालकाशेजारी मी, आणि मागाहून येणाऱ्या बसमध्ये सौ., दोन मुले व माझी आई. घाट उतरताना पाऊस लागला. भरवेली मागे टाकून गावात शिरेपर्यंत दिवस मावळला होता. त्या काळात आमच्या राज्यात विजेची परवड चालली होती. आदल्या वर्षी छत्तीसगड वेगळे झाले आणि कोरब्याची मोठी वीजकेंद्रे तिकडे गेली. इकडे तासन्‌तास वीज नसे. त्या दिवशी मात्र वीज होती. गल्लीतील प्रत्येक खिडकी उजळलेली पाहून आई बसमधून उतरताना म्हणाली, "शुभशकुन झाला बघ."

कुलूप उघडून मी आत गेलो आणि बटण दाबले. काही झाले नाही. दुसरे दाबले, तिसरे दाबले. आगपेटीची काडी ओढून वर पाहिले, तेव्हा उलगडा झाला. घरात नऊ होल्डर होते आणि नऊही रिकामे होते. पूर्वीच्या भाडेकरूंनी न्हाणीघरातील झिरोचा बल्बदेखील काढून नेला होता. विजेने भरलेल्या गावात आमचे एक घर तेवढे अंधारात उभे होते.

मी दुकानाकडे धावलो. "मी येईपर्यंत बाहेरच उभे राहा" असे सांगावयास हवे होते, ते घाईत राहिले. पावसाची सर आली, तशी आई आडोशाला आत शिरली. त्या घराचा उंबरठा चांगला वीतभर उंच होता आणि पलीकडील जमीन एक पायरी खाली होती. मी दोन बल्ब घेऊन परतलो, तेव्हा आई जमिनीवर बसलेली होती आणि डाव्या हाताने उजवे मनगट धरून होती. समोरच्या घरातील एक बाई आपल्या ओसरीवरील जळता बल्ब फडक्यात धरून काढून घेऊन आल्या होत्या. मला म्हणाल्या, "ये लगा लो भैया, सबेरे दे देना." त्या बल्बच्या उजेडात मी आईचा हात पाहिला. हाड मोडले होते.

प्लॅस्टर सहा आठवड्यांनी निघाले. परंतु त्या हाताने तिला पुढे कणीक नीट मळता आली नाही. तिने कोणाला बोल लावला नाही. मी मात्र त्या पूर्वीच्या भाडेकरूंविषयी मनात राग धरला. पुढे सहा महिन्यांनी ते गृहस्थ एका लग्नात भेटले. मी विषय काढला, तेव्हा ते ओशाळून म्हणाले, "सर, मी या घरात आलो तेव्हाही एकही बल्ब नव्हता. जे मी आणले, तेच मी नेले." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. माझा राग ओसरला. विचार मात्र मागे राहिला.

भाड्याच्या घरात दिवा बदलणे हे काम क्षुल्लक दिसते, परंतु त्यात आपले आणि परक्याचे यांची सीमारेषा रोज ओलांडावी लागते. बल्ब माझा, होल्डर मालकाचा. नळीचा दिवा, म्हणजे ट्यूब आली तेव्हा हा घोळ वाढला. ट्यूब माझी, पट्टी मालकाची; मग चोक आणि स्टार्टर कोणाचे? आमच्या बैहरच्या घरमालकांचे मत असे, की जे वर्षातून एकदा बिघडते ते भाडेकरूचे आणि जे दहा वर्षांतून एकदा बिघडते ते मालकाचे. न्याय वाईट नव्हता. मात्र चोक जळाला, की तो नवव्याच वर्षी जळाला असे ते सिद्ध करीत.

या नळ्यांनी आम्हा भाडेकरूंना अर्धे वायरमन केले. ट्यूब नुसतीच फडफडू लागली, की प्रथम स्टार्टर बदलून पाहावा. तो स्वस्त असतो. टोके काळी पडली असतील, तर दोष बहुधा नळीचाच. काहीच झाले नाही, तर नळी किंचित फिरवून पिना खाचेत बसवाव्यात. उन्हाळ्यात सायंकाळी सगळीकडे कूलर आणि पंप चालू झाले, की दाब उतरे आणि निरोगी ट्यूबही पेटत नसे. अशा वेळी सौ. पंखा क्षणभर बंद करीत, ट्यूब पेटली की पुन्हा सुरू करीत. मुलांना वाटे, ट्यूबलाही वाऱ्याने थंडी वाजते.

निकामी नळ्या फोडण्याचा खेळ मात्र आमच्या घरी कधी खपला नाही. त्या नळीत पाऱ्याची वाफ असते. नळी किंवा वेटोळ्यांचा सीएफएल दिवा फुटला, तर मुलांना बाहेर काढावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, थोड्या वेळाने जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत. केरसुणीने झाडू नये, हाताने तर मुळीच नाही. शाळेत मी हे दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी एखादा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी आईची तक्रार घेऊन येतो, की ती ऐकत नाही.

याहून गंभीर गोष्ट बटणाची. बटण दिव्याकडे जाणारी जिवंत तार, म्हणजे फेज, तोडणारे असले पाहिजे. जुन्या घरांत कोणी अर्धवट कारागिराने ते न्यूट्रलच्या तारेवर बसविलेले असते. बटण बंद केले की दिवा विझतो, म्हणून आपण निर्धास्त होतो; परंतु होल्डरमध्ये वीज जिवंतच असते. माझ्या धाकट्या मुलाला चौथ्या घरात असाच झटका बसला. तो लाकडी स्टुलावर उभा होता म्हणून थोडक्यात निभावले. तेव्हापासून माझा नियम असा: बटणावर विसंबू नये, मेन स्विच बंद करावा, हात कोरडे असावेत, पायात रबरी चप्पल असावी आणि होल्डरला हात लावण्यापूर्वी टेस्टर लावून पाहावा. नव्या एलईडी दिव्यांनी या दोषाची एक खूणही आपल्या हाती दिली आहे. बटण बंद केल्यावरही एलईडी रात्रभर मिणमिणत राहिला, तर ते बहुधा उलट्या जोडणीचे किंवा कोठे तरी वीज झिरपत असल्याचे लक्षण असते. आमच्या शेवटच्या घरात देवघरातला दिवा असा मिणमिणे. आई त्याला "देवाची कृपा" म्हणे. मी वायरमन बोलाविला. त्याने दोन तारांची अदलाबदल केली आणि ती कृपा थांबली. आई दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलली.

आता या एलईडीमुळे भाडेकरूच्या आयुष्यात जो फरक पडला, त्याकडे वळतो. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळाले; कारण निळा साधल्याशिवाय पांढरा उजेड पाडता येत नव्हता. लगेच पुढल्या जानेवारीत, म्हणजे २०१५ साली, आपल्याकडे सरकारने स्वस्त एलईडी दिव्यांची योजना देशभर आणली. पुढे ती 'उजाला' या नावाने प्रसिद्ध झाली. नऊ वॉटचा दिवा जुन्या साठ वॉटच्या बल्बचे काम करू लागला. हिशेब सोपा आहे. साठ वॉटचा बल्ब रोज पाच तास जळाला, तर महिन्यास नऊ युनिटे. नऊ वॉटचा दिवा तितकाच वेळ जळाला, तर दीड युनिटाहूनही कमी. ज्या झिरोच्या बल्बला आपण फुकट समजत होतो, तोही नावाचाच शून्य होता. प्रत्यक्षात बारा-पंधरा वॉट खात असे.

परंतु विजेच्या बचतीहून मला दुसराच हिशेब महत्त्वाचा वाटतो. जुन्या बल्बचे आयुष्य सुमारे एक हजार तासांचे. रोज पाच तास धरले, तर दोनशे दिवस. भाडेकरार असतो अकरा महिन्यांचा, कारण वर्षाहून अधिक मुदतीचा करार नोंदवावा लागतो. म्हणजे बल्बचे आयुष्य भाडेकराराहून कमी होते. आपण आणलेला बल्ब आपल्यासमोरच जळून जाई. तो न्यावा की ठेवावा, हा प्रश्न फार मोठा नव्हता. एलईडी दिव्यावर मात्र पंचवीस हजार तास लिहिलेले असतात. रोज पाच तासांच्या हिशेबाने ती तेरा वर्षांहून अधिक होतात. आमच्याकडील चढ-उताराच्या विजेत त्याच्या आतील सर्किट आधीच मान टाकते, हे खरे. तरी अर्धी वर्षे धरली, तरी तो दिवा सात-आठ भाडेकरार पाहतो. दिवा भाडेकरूहून दीर्घायुषी झाला. त्यामुळे तो कोणाचा, हा प्रश्न प्रथमच खरा झाला.

गेल्या एप्रिलमध्ये हा प्रश्न माझ्या पुढ्यात येऊन उभा राहिला. देवी तलावाजवळील ज्या घरात आम्ही नऊ वर्षे राहिलो, तेथील घरमालकांचा मुलगा नागपुरातील नोकरी सोडून बायकामुलांसह परत येणार होता. काकाजींनी फार संकोचाने घर मागितले. मी हो म्हटले. आई त्याच घरात तीन वर्षांपूर्वी गेली. तिची जागा सोडून जाणे जड होते, परंतु घर त्यांचे होते.

सामान बांधताना धाकट्याने स्टूल घेतले आणि दिवे उतरवू लागला. सहा दिवे, पाच एलईडी ट्यूब. सौ. म्हणाल्या, "अहो, दीड-दोन हजारांचा माल आहे. नव्या घरात पुन्हा विकत घ्यावा लागेल." त्यांचे बोलणे व्यवहारास धरून होते. माझा एक माजी विद्यार्थी येथे वकिली करतो. त्याच्याकडे मी सहज विषय काढला. त्याने १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८ वे कलम काढून दाखविले. राहत्या काळात भाडेकरूने जे स्वतः जोडले, ते त्याला काढून नेता येते. मात्र जागा ज्या स्थितीत मिळाली, त्या स्थितीत त्याने परत करावी. २०२१ च्या आदर्श भाडे कायद्याच्या मसुद्यातही भिंतीतील मोठ्या वायरिंगचे काम मालकाकडे आणि बटणे, सॉकेट, विजेची उपकरणे यांची दुरुस्ती भाडेकरूकडे दिली आहे. "सर," तो म्हणाला, "तुम्ही सगळे दिवे न्या. कायद्याने तुमचे आहेत."

मी घरी येताना त्या कलमाचाच विचार करीत होतो. ज्या स्थितीत मिळाले, त्या स्थितीत परत करावे. मला हे घर मिळाले, तेव्हा त्यातही होल्डर रिकामेच होते. म्हणजे अंधारात मिळालेले घर मी अंधारात परत केले, तर कायद्याचे अक्षरशः पालन होईल. २००१ सालच्या त्या गृहस्थांनी हेच तर केले होते. त्यांच्या आधीच्यांनीही तेच केले असेल. प्रत्येकाने आपल्यापुरते बरोबर वागावे आणि त्या सगळ्या बरोबर वागण्यातून एखाद्या म्हातारीचा हात मोडावा, असे हे आहे.

मला भरवेलीच्या खाणीत काम केलेल्या एका पालकांचे बोलणे आठवले. ते सांगत, की खाणीत उतरताना टोपीवरचा दिवा दिवाघरातून घ्यायचा आणि पाळी संपली की तेथेच परत ठेवायचा. "दिवा आपला नसतो, सर. पाळीचा असतो."

मी धाकट्याला खाली उतरविले. सर्वच दिवे ठेवून जावेत इतका मी उदार नाही, आणि सौ. तसे होऊ देत्याही ना. आम्ही दोघे घरभर फिरलो आणि जेथे पाय चुकू शकतो अशा जागा मोजल्या. पुढील दाराचा उंबरठा, जिना, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. या चार जागांचे दिवे ठेवावयाचे, बाकीचे न्यावयाचे, असे ठरले. ठेवलेले चारही टेस्टर लावून, लावून-विझवून पाहिले. एलईडी ट्यूब बसविताना जुन्या पट्ट्यांमधून काढलेले काकाजींचे पाच चोक मी नऊ वर्षे माळ्यावर एका खोक्यात जपून ठेवले होते. ते पुसून, वर "आपली वस्तू" अशी चिठ्ठी लावून ओट्यावर ठेवले. आता ते चोक कोणी वापरणार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु दुसऱ्याच्या घरातून काढलेली वस्तू टाकून देण्याचा अधिकार आपला नव्हे.

निघण्याच्या दिवशी सौ.नी देवघराच्या रिकाम्या कोनाड्यापुढे हळदीकुंकू वाहिले. मी सर्व बटणे बंद केली, किल्ली काकाजींच्या हाती दिली.

आमचे आठवे घर रेल्वे फाटकापलीकडे आहे. आम्ही तेथे पोहोचलो, ती वेळ दिवेलागणीची. मी बटण दाबले. अपेक्षेप्रमाणे काही झाले नाही. वर पाहिले, तर एका होल्डरच्या तारादेखील कापून नेलेल्या. सौ. माझ्याकडे पाहून हसल्या. गेली पंचवीस वर्षे घर बदलताना एक बल्ब आणि एक टेस्टर सामानाच्या ट्रकमध्ये न देता मी हातातील पिशवीत ठेवतो. तो बल्ब काढला. सर्वांना दाराबाहेर थांबविले. मेन स्विच बंद करून, टेस्टर लावून, मगच उंबरठ्यावरील होल्डरमध्ये बल्ब बसविला आणि उजेड पडल्यावर एकेकाला आत घेतले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी काकाजींचा दूरध्वनी आला. पाण्याच्या टाकीची झडप कोठे आहे, ते त्यांना विचारावयाचे होते. मी सांगितले. बोलणे संपत आले, तेव्हा ते म्हणाले, "मास्साब, नागपुरची मंडळी रात्री साडेअकराला पोहोचली. नात झोपेत होती, सूनबाईंच्या कडेवर. दाराशी बटण दाबले आणि दिवा लागला." एवढे बोलून ते थोडे थांबले, आणि मग पुन्हा टाकीविषयी बोलू लागले.